अटलांटाजवळच्या जळक्या गिरणीपर्यंत चालत कसं जायचं

अटलांटात राहणाऱ्यांकडे भारतातून आई-बाबा आले की अ‍ॅक्वेरियम होतं, कोका-कोलाचं म्युझियम होतं, आणि मग आता कुठं न्यायचं हा प्रश्न पडतो. आम्ही नेतो स्वीटवॉटर क्रीक स्टेट पार्कला. झाडीतली सोपी वाट, बाजूला ओढा आणि पुढं १८६४ मध्ये जाळलेली पाच मजली कापडगिरणी, म्हणजे तिच्या उरलेल्या विटांच्या भिंती.

आय-२० हायवेनं पश्चिमेला निघायचं, थॉर्नटन रोडला उतरायचं, आणि मॅपमध्ये नुसतं पार्कचं नाव न टाकता व्हिजिटर सेंटर टाकायचं, कारण पार्क बरंच मोठं आहे आणि भलत्याच टोकाला तळ्याकाठी पोचलात तर तिथून परत फिरावं लागतं. पार्किंगचे ५ डॉलर. पार्क सकाळी ७ ला उघडतं, वीकेंडला लवकरच जा, नंतर जागेसाठी गाडी फिरवत बसाल. बाथरूम उरकून घ्या, वाटेत काही नाही.

ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबर बेस्ट, पानांचे रंगही मिळतात. उन्हाळ्यात दमट असतं, टिक्स (गोचीड) असतात आणि विषारी कॉपरहेड साप पाचोळ्यात अजिबात दिसत नाही, त्यामुळं फुल पँट, बंद शूज, आणि वाट सोडायची नाही. तीन-तीन पानांची वेल दिसली की हात लावू नका, पॉयझन आयव्ही असू शकते, अंगाला लागली की खाज सुटते.

आता चालायला लागा. झाडांवर लाल खुणा आहेत, त्या धरून रेड ट्रेल. गिरणी साधारण अर्ध्या मैलावर, वाट रुंद, ओढा डाव्या हाताला. लोक इथं सुसाट जातात आणि मेन गोष्ट हुकवतात. वाटेला लागून एक कोरडा खंदकासारखा चर दिसेल, तो गिरणीचा पाट. वर ओढ्याचं पाणी वळवून ह्या पाटानं खाली आणायचं, ते मोठ्या चाकावर सोडायचं, चाक फिरलं की दांडे-पट्टे फिरणार आणि त्यावर चात्या आणि माग. आमचे बाबा भिंतींपाशी पोचल्यावर पहिलं काय शोधायला लागले तर चिमणी! गिरणगाव डोक्यात, दुसरं काय. पण इथं वाफेचं इंजिनच नव्हतं, सगळा कारभार पाण्यावर. म्हणून आधी पाट बघा, मग भिंती.

गिरणी चालू झाली १८४९ ला, पुढं तिचं नाव झालं न्यू मँचेस्टर. अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात दक्षिणेच्या सैन्यासाठी इथं कापड निघायचं, म्हणून जुलै १८६४ मध्ये उत्तरेच्या जनरल शर्मनच्या फौजेनं ती पेटवली आणि कामगारांना, त्यात बायका-मुलंच जास्त, पकडून रेल्वेनं उत्तरेकडं पाठवून दिलं. बरेच जण कधी परतलेच नाहीत. आणि गंमत बघा (गंमत कसली म्हणा), ह्याच युद्धामुळं अमेरिकेचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला आणि तिकडं मुंबईत कापसाचे भाव आभाळाला भिडले, शेअरचं वेड लागलं, ते १८६५ ला युद्ध संपल्यावर धाडकन कोसळलं.

भिंतींना कुंपण आहे, ओलांडू नका. आत जायचं तर रेंजरसोबतची टूर बुक करायची.

गिरणीच्या पुढं हीच वाट एकदम बदलते, खडक, मुळं, पायऱ्या, अजून अर्धा मैल आणि मग धबधब्याचा व्ह्यू. गुडघे दुखत असतील तर गिरणीवरूनच परत. नीट शूज असतील तर जा पुढं, पण सेल्फीसाठी पाण्यातल्या दगडांवर उतरू नका, शेवाळ असतं आणि पाण्याला चांगलीच ओढ असते. परतताना थोडा चढ आहे, पाणी त्या हिशोबानं शिल्लक ठेवा.

गाडीत बसायच्या आधी सॉक्सच्या कडा, गुडघ्यामागं, मुलांची मान नीट बघा. टिक दिसलीच तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची, पिळायची नाही.