सकाळचं पहिलं पाऊल: माझ्या टाचदुखीचा अनुभव

सकाळी पाय खाली टेकवला की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ यायची. भिंत धरून बाथरूमपर्यंत जायचे. चार पावलं चाललं की जरा मोकळं वाटायचं, पण शाळेत खुर्चीतून उठले की पुन्हा तेच. एक्स-रेत हाड वाढलेलं दिसलं आणि मी घाबरलेच. फिजिओथेरपिस्ट ताईंनी समजावलं, असं हाड न दुखणाऱ्या टाचेतही सापडतं. दुखतोय तो तळव्याचा पट्टा, प्लांटर फॅशिया. रात्रभर तो आखडतो आणि पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो.

म्हणून आता उठण्याआधीच, अंथरुणात बसून, पायाची बोटं हाताने नडगीकडे ओढते. १० आकडे मोजायचे, असं १० वेळा, दिवसातून ३ दा. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळवा चाचपला की पट्टा तारेसारखा ताठ लागतो, म्हणजे ताण बरोबर बसलाय. संध्याकाळी बर्फाची बाटली तळव्याखाली फिरवते. फरशीवर अनवाणी चालणं पूर्ण बंद. स्वयंपाकघरातही मऊ चप्पल. आईला ते आधी खटकलं, मग तिनेच माझ्यासाठी वेगळी जोडी आणून ठेवली.

पहिले ३ आठवडे काहीच फरक नव्हता, रडू यायचं. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी भिंत न धरता चहा ठेवायला गेले.