पुढची स्टॅबिलायझर लिंक बदलताय? या चुका टाळा

एक चाक खड्ड्यात उतरलं की पुढून 'टक' असा कोरडा आवाज येतो. उखडलेल्या गल्लीतून हळू जाताना तोच आवाज सारखा येत राहतो. एसयूव्हीचा मालक हे सांगतो आणि गॅरेजवाला गाडीखाली न वाकताच म्हणतो, "लिंक रॉड गेले." बरेचदा त्याचं बरोबरही असतं. पण न बघता मागवलेला पार्ट वाया गेला, तर भुर्दंड आपल्यालाच पडतो.

आवाज नक्की कशाचा आहे ते आधी ठरवा. स्टॅबिलायझर बार म्हणजे पुढच्या दोन्ही बाजूंना जोडणारा स्प्रिंग स्टीलचा दांडा. त्याचं टोक लोअर आर्मला (चाकाला चासीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याला) किंवा शॉकअपच्या नळीला जोडते ती लिंक, म्हणजेच लिंक रॉड. घाटातल्या वळणावर गाडी कलली किंवा एकच चाक वरखाली झालं की दांडा पिळला जातो आणि तो सगळा जोर लिंकवर येतो. दोन्ही चाकं सरळ स्पीड ब्रेकरवर एकदम चढली तर दांडा जवळजवळ पिळलाच जात नाही. त्यामुळे ब्रेकरवर दणका बसतो पण एका चाकाच्या खड्ड्यात काही वाजत नाही, असं असेल तर आधी शॉकअपचं माउंटिंग आणि लोअर आर्मचे बुश (जोडावरचे रबरी तुकडे) पाहा.

सगळ्यात जास्त फसगत होते ती जॅकमुळे. एकच बाजू उचलली की ते चाक लोंबतं, दांडा पिळलेला राहतो, लिंक ताणाखाली येते आणि तिच्यातला खेळ (सांध्यातला ढिलेपणा) लपतो. मग "लिंक ठीक आहे" असा निकाल मिळतो. गाडी पिटवर किंवा चारही चाकं टेकतील अशा रॅम्पवर घ्या आणि लिंक मुठीत धरून जोरात हलवा. सांधा झिजला असेल तर खेळ हाताला लागतो. सांध्यावरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटलेला दिसला तर आवाज नसला तरी ती लिंक फार दिवस टिकणार नाही, कारण फाटलेल्या बुटातून पाणी आणि धूळ थेट सांध्यातल्या बॉलपर्यंत जाते.

आमच्या स्कॉर्पिओला दोन्ही लिंक नव्या टाकल्या, तरी आवाज तसाच राहिला. दोष निघाला चासीवर दांडा धरून ठेवणाऱ्या रबरी बुशमध्ये. तेव्हापासून मी एकच आग्रह धरतो. शंका असेल तर दोन्ही लिंक काढा, दांडा टायरला किंवा ब्रेकच्या नळीला लागणार नाही असा बांधा आणि गल्लीतच अगदी हळू एक फेरी मारा. आवाज थांबला तर दोष लिंकमध्ये किंवा दांड्याच्या बुशमध्ये आहे. थांबला नाही तर लिंकवर पैसे घालू नका.

दुकानात नुसतं गाडीचं नाव सांगू नका. "इनोव्हाची लिंक द्या" म्हणजे कुठल्या इनोव्हाची? 2005 ची जुनी, 2016 ची क्रिस्टा आणि 2022 च्या अखेरीस आलेली हायक्रॉस या वेगवेगळ्या गाड्या आहेत. क्रिस्टा लॅडर चासीवरची (वेगळ्या शिडीसारख्या सांगाड्यावर बॉडी), तर हायक्रॉस मोनोकॉक (बॉडी आणि सांगाडा एकच). स्कॉर्पिओतही क्लासिक आणि एन यांत गल्लत होते. आरसीवरचा 17 अक्षरी चासी नंबर द्या आणि जुनी लिंक सोबत न्या. एका सांध्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतची लांबी, स्टडची (सांध्यातून बाहेर आलेल्या, नट बसतो त्या आटेवाल्या टोकाची) जाडी आणि आटे, दोन्ही स्टड एकाच बाजूला आहेत की विरुद्ध, हे सगळं जुळवा. काही गाड्यांत डावी-उजवी लिंक वेगळी असते.

स्प्रिंग किंवा शॉकअपवर स्पेसर (जाड चकती) टाकून गाडी उंच केली असेल तर मूळ लांबीची लिंक तिरकी ओढली जाते आणि बॉल जॉइंट लवकर जातो. मूळ उंचीला दांड्याची टोकं ज्या कोनात होती, गाडी जमिनीवर उभी असताना तोच कोन येईल एवढ्या लांबीची लिंक घ्या. बसवल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून ती कुठे घासत नाही ना ते बघा.

"प्लॅस्टिकची नको, जाड लोखंडी द्या" हा हट्ट मला पटत नाही. कित्येक गाड्यांना कारखान्यातूनच फायबर मिसळलेल्या प्लॅस्टिकची लिंक येते. झिजतो तो बॉलचा सांधा, मधली दांडी क्वचितच. ग्रीस निपल (ग्रीस भरायचं तोंड) असलेली लिंक घेणार असाल तर वेळोवेळी ग्रीसही भरावं लागेल.

बसवताना स्टड ॲलन कीने किंवा पान्याने धरून नट आवळायला सांगा. स्टड न धरता नट इम्पॅक्ट गनने (नट आवळायच्या यंत्राने) फिरवला तर स्टड नटाबरोबर गरगरतो आणि नवा बूट पिळून फाटू शकतो. आत नायलॉनची कडी असलेले नट नवेच वापरा. लांब बोल्टची बुशवाली लिंक असेल तर शेवटचं आवळणं चाकं जमिनीवर टेकल्यावर करा. बदलताना जोडीच बदला, एक गेली असेल तर दुसरीही तेवढेच किलोमीटर चाललेली असते. या कामानंतर लिंकपायी व्हील अलाइनमेंट करावी लागत नाही. बिलात ती लावली असेल तर कारण विचारा.