शेजाऱ्याला येशूबद्दल कसं सांगावं: बेळगावच्या एका टर्नरची पद्धत

पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. शेजारच्या काकांचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. आदल्या संध्याकाळी मी दवाखान्यात गेलो आणि कुणाला काही न विचारता, खाटेजवळ उभं राहून मोठ्यानं प्रार्थना सुरू केली. उपासनेत ऐकून ऐकून तोंडात बसलेली भाषा: ‘प्रभू, यांना तुझ्या रक्तानं धुऊन काढ.’ डोळे उघडले तर काका पांढरेफटक. काकू म्हणाल्या, ‘‘रक्त कशाला गा आता? डॉक्टर म्हणालेत, रक्त लागणार न्हाई.’’ त्यांच्या मुलानं मला दाराबाहेर नेलं, हात जोडले आणि म्हणाला, ‘‘तुम्ही जावा आता.’’

माझा हेतू चांगलाच होता. पण काकांच्या वाट्याला आली ती नुसती भीती. साक्ष द्यायची, म्हणजे येशूबद्दलचा आपला अनुभव सांगायचा, तो कसा, याचा विचार मी त्यानंतर करायला लागलो. मी पाळक (पास्टर) नाही. उद्यमबागेत माझं छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ आणि एक ड्रिल. मंडळीतली, म्हणजे आमच्या चर्चमधली, तरुण मुलं विचारतात, ‘‘अंकल, रोजच्या कामात सुवार्ता सांगायची कशी?’’ त्यांना जे सांगतो तेच इथं क्रमानं लिहितोय.

आधी पाच नावं

सुरुवात तोंडानं करू नका, कागदानं करा. एका चिठ्ठीवर पाच नावं लिहा. रोज भेटणारी माणसं हवीत: शेजारी, दूधवाला, सोबतचा कामगार, मुलाच्या मित्राची आई. चिठ्ठी कॅलेंडरच्या मागे अडकवा आणि सकाळी चहाच्या आधी एकेक नाव घेऊन प्रार्थना करा. ‘याला ख्रिस्ती कर’ एवढीच प्रार्थना असेल तर ती फार दिवस टिकत नाही. ‘याच्या पोरीचं लग्न जमू दे, याच्या गुडघ्याला आराम पडू दे’ अशी करा. म्हणजे त्याचा गुडघा कुठला दुखतो हे तुम्हाला माहीत असावं लागतं. ते माहीत नसेल तर आजची पायरी एवढीच: जाऊन विचारा.

मग आपली साक्ष, तीन मिनिटांची, घरच्या मराठीत

यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा.

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात, पाचव्या अध्यायात, भूतबाधेतून सुटलेला एक माणूस येशूला विनवतो, मला तुझ्याबरोबर येऊ दे. येशू त्याला नावेत घेत नाही. घरी आपल्या माणसांकडे जा आणि तुझ्यासाठी काय झालं ते सांग, म्हणून परत पाठवतो. त्या माणसाला शास्त्र येत नव्हतं. त्याच्याजवळ फक्त स्वतःची गोष्ट होती, आणि गावाला तो आधी कसा होता हे माहीत होतं.

तुमचीही गोष्ट लिहून काढा. आधी मी कसा होतो, मग काय घडलं, आता काय वेगळं आहे. एक पान पुरे. लिहून झालं की लाल पेन घेऊन मंडळीत रुळलेला प्रत्येक शब्द खोडा. तारण, अभिषेक, ओझं, पवित्रीकरण, कोकऱ्याचं रक्त. हे शब्द चुकीचे नाहीत, पण बाहेरच्या कानाला ते वेगळंच काहीतरी सांगतात, हे काकांच्या खाटेजवळ मला कळलं. ‘माझं तारण झालं’ याच्या जागी मी काय म्हणतो? ‘‘बाप गेल्यावर मी दोन वर्षं दारूत होतो. बायको माहेरी गेलेली. एका रात्री येशूला म्हटलं, तू खरा असशील तर मला यातून काढ. एका दिवसात सुटली न्हाई. आठ महिने लागले. पण त्या रात्रीपासून मी एकटा न्हाई, हे कळलं.’’ यातले आठ महिने गाळू नका. ‘चमत्कार झाला, दुसऱ्या दिवशी बाटली फोडली’ असं सांगितलं की टाळ्या मंडळीत मिळतात. गल्लीत लोकांनी तुम्हाला त्या आठ महिन्यांत पाहिलेलं असतं.

लिहिलेलं पान कुणाला तरी वाचून दाखवा. शक्यतो ख्रिस्ती नसलेल्या आणि तोंडावर बोलणाऱ्या माणसाला. आमच्या वर्कशॉपमधल्या हेल्परला मी माझं दाखवलं. तो म्हणाला, ‘‘चांगलं हाय, पण शेवटी भाषण का ठोकलंय?’’ शेवटच्या चार ओळी मी काढून टाकल्या.

सीमाभागात आणखी एक काम करावं लागतं. हेच पान कन्नडमध्येही यायला हवं. माझं कन्नड बाजारापुरतं, तरी ‘ऊट आतेन्री?’ (जेवण झालं का?) म्हणून बोलणं सुरू करता येतं आणि दोन ओळींची प्रार्थना मी पाठ केली आहे. चिकोडीकडून येणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरला मराठी उत्तम समजतं, पण आईच्या आजारपणाबद्दल तो कन्नडमध्येच बोलतो. माणूस आतलं दुःख ज्या भाषेत सांगतो, त्या भाषेत निदान ऐकून तरी घेता यावं. खानापूरकडच्या आमच्या कॅथलिक भावंडांचं मला कौतुक वाटतं. घरात कोकणी, शेजारी मराठी, कचेरीत कन्नड, आणि तिन्हीत तितकीच सहज.

आणि भाषेच्या वादात विश्वास गुंतवू नका. 1 नोव्हेंबरला एका गल्लीत राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि दुसऱ्या गल्लीत काळा दिवस. तुमचं राजकीय मत असू द्या, माझंही आहे. पण दोन्ही गल्ल्यांत तुमच्यासाठी चहा ठेवला जातो का, हे एकदा पाहा.

कामावर: आधी जॉब, मग जबाब

एकदा 6206 बेअरिंगच्या घराचं काम आलं होतं, 62 मिलिमीटरचं बोअर. कास्टिंग गिऱ्हाइकाचंच. शेवटचा कट घेताना आतल्या बाजूला ब्लो होल, म्हणजे ओतकामात राहिलेलं हवेचं भोक, उघडा पडला, हरभऱ्याच्या डाळीएवढा. अशा वेळी काय करतात हे लाइनमधल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. लांबी (पुट्टी) भरायची, पॉलिश पेपर मारायचा, तेल लावून पाठवून द्यायचा. पार्टी पैसे देते. बेअरिंग सहा महिन्यांनी ढिलं पडतं, तोवर कोण कुणाला विचारतंय? त्या दिवशी हातात लांबीचा डबा घेऊन मी पाच मिनिटं उभा होतो, हेही कबूल करतो. मग फोन केला. गिऱ्हाईक वैतागलं, कारण जॉब तातडीचा होता. पंधरा दिवसांनी ते स्वतः आलं आणि म्हणालं, ‘‘सांगितलं न्हाईतं तर मला कळलं पण नसतं. का सांगितलं?’’

पेत्राच्या पहिल्या पत्रात (3:15) जे आहे ते याच क्षणासाठी आहे, असं मला वाटतं: तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर तयार ठेवा, आणि ते सौम्यपणे द्या. यातला ‘कुणी विचारलं तर’ हा भाग आपण विसरतो. मी म्हटलं, ‘‘मी येशूला मानतो. असलं झाकून ठेवलं तर रात्री प्रार्थनेला बसता येत न्हाई.’’ आणि लेथ चालू केला. गिऱ्हाईक अजून उभं होतं. मला दहा मिनिटांचं प्रवचन देता आलं असतं, जीभ वळवळतही होती. पुढच्या खेपेला त्यानंच विषय काढला.

याची उलटी बाजूही आहे. दुकानावर ‘येशू माझा मेंढपाळ’ असं स्टिकर लावायचं आणि मंगळवारी देतो म्हटलेला जॉब शनिवारपर्यंत लटकवायचा, असं होत असेल तर आधी स्टिकर काढा.

सणावाराला

नाताळात करंज्या आणि केक शेजारी पोचवणं आपल्याकडे चालत आलंय. त्यात नवीन एवढंच करा की ताट घेऊन मुलाला एकट्याला पाठवू नका, स्वतः जा आणि बसा. ताटाबरोबर धर्मप्रचाराची पत्रिका ठेवू नका. ती ठेवली की खाऊचं बिल दिल्यासारखं वाटतं.

गणपतीत अडचण येते ती प्रसादाची. मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दल पौलानं करिंथकरांच्या पहिल्या पत्रात आठव्या आणि दहाव्या अध्यायांत लिहिलंय, ते नीट वाचा. मंडळीत यावर दोन मतं आहेत आणि राहतील. मी घेत नाही. पण न घेण्याची एक रीत असते. दारात उभं राहून ‘आम्हाला चालत न्हाई’ म्हणणं वेगळं, आणि ‘‘वहिनी, प्रसाद मला चालत न्हाई, पण तुमच्या हातचा चहा घेतल्याशिवाय जाणार न्हाई’’ म्हणून तासभर बसणं वेगळं. खिशात घालून बाहेर गटारात टाकणारेही मी पाहिलेत. त्यापेक्षा तोंडावर नकार कितीतरी बरा. दुसऱ्याच्या देवाची टिंगल तर कधीच नको, आपल्या आपल्यातसुद्धा.

आजारी माणसाजवळ

विचारा: ‘‘तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल?’’ नको म्हणाले तर घरी येऊन करा. हो म्हणाले तर हळू आवाजात, अर्ध्या मिनिटात, त्यांच्या दुखण्याचं नाव घेऊन करा. ‘विश्वास ठेवला तर बरे व्हाल’ असं म्हणू नका आणि औषध बंद करायला कुणालाही सांगू नका. आपल्या भागात तर याचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. 1894 साली डॉक्टर वानलेस यांनी मिरजेत मिशनचं हॉस्पिटल उभं केलं. अथणी, रायबाग, चिकोडीची किती कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या तिकडे जात आली. तिथं प्रार्थनाही होती आणि चाकूही धारदार होता.

प्रश्न येतील ते

‘‘तुमचा धर्म इंग्रजांचा ना?’’ हा हमखास येतो. चिडू नका. बाबा पदमनजींबद्दल सांगा. 1831 साली याच बेळगावात जन्मले, कासाराच्या घरात, आणि 1854 साली ख्रिस्ती झाले. हिंदू विधवांचे हाल मांडणारी कादंबरी त्यांनी 1857 साली लिहिली, आणि मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतलं जातं. शेजारच्या घरातलं दुःख पाहून लिहिणारा माणूस परका कसा? हेही लपवू नका की लंडन मिशनचे मिशनरी टेलर 1820 साली इथं आले आणि कॅम्पातली जुनी चर्चं गोऱ्या पलटणींच्या काळातली आहेत. खरं आहे ते खरं.

‘‘एकाला बाटवलं की किती मिळतात?’’ हाही येतो, बहुतेक हसत हसत. मी म्हणतो, ‘‘महिन्याचा दशमांश जातो, येत काहीच न्हाई.’’ बाकी ज्याचं उत्तर येत नाही तिथं ‘मला ठाऊक न्हाई, विचारून सांगतो’ म्हणा. आणि खरोखर विचारून सांगा. हे दुसरं वाक्य बहुतेक जण पाळत नाहीत.

पैसा, भेटवस्तू, लहान मुलं आणि कायदा

इथं मी कडक आहे. घटनेचं कलम 25 धर्म पाळायचा, मानायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क देतं. 1977 साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क नव्हे. कर्नाटकात 2022 साली धर्मांतराचा कायदा आला. त्याचं विधेयक विधानसभेनं डिसेंबर 2021 मध्ये मंजूर केलं ते आमच्याच बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये. जबरदस्ती, फसवणूक, आमिष यांवर त्यात शिक्षा आहे, आणि धर्म बदलण्याआधी 30 दिवस जिल्हाधिकाऱ्यांना कळवायची अट आहे. जून 2023 मध्ये नव्या मंत्रिमंडळानं तो मागे घ्यायचं ठरवलं. बाप्तिस्म्याची गोष्ट निघाली की पाळकसाहेबांनी आधी वकिलाला भेटावं, हे मी प्रत्येक वेळी सांगतो.

पण आमिषाचा नियम मी कायद्यासाठी पाळत नाही. योहानाच्या सहाव्या अध्यायात भाकरी खाऊन तृप्त झालेले लोक येशूला शोधत येतात, आणि तुम्ही भाकरीसाठी आलात, असं तो त्यांना तोंडावर सांगतो. म्हणून: शेजाऱ्याला फीसाठी पैसे दिले असतील तर त्या महिन्यात त्याच्याशी विश्वासाचा विषय काढू नका. मदत आणि साक्ष यांची गाठ मारू नका. लहान मुलांना आईबापांच्या परवानगीशिवाय संडेस्कूलला नेऊ नका, बिस्किटाच्या पुड्यानं तर नाहीच नाही.

व्हॉट्सॲपवर रोज वचनांचे फॉरवर्ड पाठवू नका. यावर जास्त लिहायची गरज नाही.

वाट बघताना

नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला जात होते. गाडीत भेटलेल्या एका अनोळखी प्रवाशानं त्यांच्याशी आदरानं गप्पा मारल्या आणि त्यांना नवा करार दिला. 1895 साली टिळकांचा बाप्तिस्मा झाला. मला याहून जास्त धीर येतो तो त्यांच्या घरच्या गोष्टीनं. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा 1900 साली झाला. मधली पाच वर्षं एवढा मोठा कवी, वक्ता, पण स्वतःच्या बायकोपुढे त्याचं वक्तृत्व चाललं नाही. त्या आपल्या पायांनी, आपल्या वेळी आल्या.

तेव्हा रविवारी संध्याकाळी चिठ्ठी काढून बघा. कुणाशी या आठवड्यात बोलणं झालं, कुणाचं काय दुखतंय. नाव बदलायचं असेल तर बदला, पण ‘हा काही ऐकत न्हाई’ या कारणानं खोडू नका.

माझ्या चिठ्ठीवर काकांच्या त्या मुलाचं नाव पहिल्या दिवसापासून आहे. दोन वर्षं तो माझ्याशी बोलला नाही. नंतर बोलायला लागला, मग ड्रिलचं बिट मागायला यायला लागला. गेल्या पावसाळ्यात काका गेले तेव्हा तिरडीला माझाही खांदा होता. तिसऱ्या दिवशी तो वर्कशॉपमध्ये आला, स्टुलावर बसला आणि बराच वेळ फिरणाऱ्या चककडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘तुमच्यात माणूस गेल्यावर काय म्हणतात गा?’’

मी लेथ बंद केला.