बंदुकीची नळी फुगली, काडतूस फुसकं निघालं? कंपनीशी भांडण्याआधी या चुका टाळा

कोल्हापुरात परवान्याच्या बंदुका दुरुस्त करत माझे केस पांढरे झाले. दुकानात दोन प्रकारची माणसं येतात. एक घाटाखालचे शेतकरी, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअर, म्हणजे छर्‍यांची बंदूक, खांद्याला लावून. दुसरी नेमबाजी क्लबातली पोरं, बारीक गोळीच्या पॉइंट टू-टू रायफली घेऊन. आपल्या राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमधून नेमबाजीचं कांस्यपदक आणलं आणि ही दुसरी गर्दी चांगलीच वाढली. आनंद आहे. पण काही बिघडलं की दोघांच्याही तोंडी पहिलं वाक्य एकच असतं, "कंपनीचा माल खराब आहे, तुम्ही तसं लिहून द्या."

कधीकधी माल खरंच खराब असतो. पण माझ्यापर्यंत येईस्तोवर तो खराब होता हे दाखवणारं काहीच शिल्लक नसतं. पुरावा मालकानंच पुसलेला, फेकलेला किंवा करवतीनं कापलेला असतो.

फुगलेली नळी कापणं

कापलेला म्हणतोय तो अतिशयोक्तीनं नव्हे. एका पावसाळ्यात घाटाखालचे एक काका आले. एकनळी बारा बोअर, आणि नळी चांगली वीतभर आखूड. झालं होतं असं की बंदूक बांधाला टेकवून ठेवलेली, ती घसरली, तोंड चिखलात गेलं. काकांनी वरून पुसली, आत डोकावून बघितलं नाही. माकडं हाकलायला बार काढला. नळी तोंडाजवळ अंगठी घातल्यासारखी गोल फुगली. पुढचा शहाणपणा गावच्या लोहाराचा: "फुगलेलं तेवढं कापून टाकू, बाकी नळी चांगली आहे." कापलेला तुकडा भंगारात गेला. आणि मग काका माझ्याकडे आले, काडतुसात दारू जास्त होती अशी तक्रार टाईप करून घेऊन.

मी त्यांना आधी चहा पाजला, कारण पुढचं ऐकायला बसावं लागतं. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ६ प्रमाणे परवानगीशिवाय बंदुकीची नळी आखूड करणं हा गुन्हा आहे. कलम ५ प्रमाणे दुरुस्तीसुद्धा परवाना असलेल्या माणसानंच करायची, म्हणजे लोहारही अडकला. ते तक्रारपत्र कंपनीला गेलं असतं तर काकांनी स्वतःच्या सहीनं कबुलीजबाबच पाठवला असता.

शिवाय दावा टिकलाही नसता. दारू जास्त झाली, दाब वाढला, तर नुकसान सहसा मागे, चेंबरपाशी, म्हणजे काडतूस बसतं तिथे दिसतं. पुढे कुठेतरी गोल अंगठीसारखा फुगवटा असला तर नळीत त्या जागी काहीतरी अडकलेलं होतं: चिखल, चिंधी, गांधीलमाशीचं घर, आधीच्या काडतुसाचा वॅड, म्हणजे दारू आणि छर्‍यांमधला बुच. कंपनीच्या माणसाला हे ओळखायला दोन मिनिटंही लागत नाहीत. तुम्ही दहा पानी पत्र लिहा, तो फक्त फुगवटा कुठे आहे ते बघतो. मी स्वतः अजूनही बंदूक हातात आली की आधी उघडून नळीतून आकाश बघतो. गिऱ्हाईक हसतं, हसू दे.

"बसतंय की!"

हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. आजोबांची जुनी विलायती दुनळी असते. तिचं चेंबर ६५ मिलिमीटरचं. नातू बाजारातून ७० मिलिमीटरची काडतुसं आणतो, घालून बघतो, आरामात बसतात. बसणारच! काडतुसावर लिहिलेली लांबी ही उडाल्यानंतर तोंड उलगडल्यावरची असते. मिटलेलं असताना ते आखूड असतं. बार उडाला की उलगडायला पुढे जागा नाही, छर्‍यांची वाट चिंचोळी होते आणि दाब वाढतो. पहिल्या बाराला काही होत नाही, पन्नासाव्यालाही कदाचित नाही. मग एक दिवस नळ्यांचा सांधा सैल होतो आणि दोष ताज्या काडतुसांवर. चेंबरची लांबी कोरलेली नसेल तर मोजून घ्या, मोजायला मी पैसे घेत नाही. नळीवर नायट्रो प्रूफचा, म्हणजे आजच्या बिनधुराच्या दारूसाठी तपासल्याचा शिक्का नसेल, तर तिच्यात आजचं काडतूस घालूच नका आणि ती भिंतीवर शोभते असं समजा.

वीस बोअरचं काडतूस (आकडा मोठा, पण काडतूस बारीक) बारा बोअरच्या नळीत घसरून पुढे अडकतं. बंदूक रिकामी समजून मागून बारा बोअरचं घातलं की नळी फाटते. म्हणूनच वीस बोअरची काडतुसं पिवळी करतात. दोन्ही एका पिशवीत ठेवणाऱ्याशी मी वाद घालत नाही.

दमट झालेली कागदी काडतुसं पापडासारखी उन्हात वाळवू नका. चुलीजवळ तर नाहीच.

'फुस्स' झाल्यावर पुढचा बार

आता क्लबातली पोरं. एका पोराची रायफल नवी, बापानं हौसेनं घेतलेली. ५० मीटरवर सराव चालू. एक बार 'फुस्स' झाला, आवाज अर्धा, धक्का नाही, टार्गेटवर भोक नाही. काडतुसात दारू कमी किंवा नव्हतीच, नुसत्या कडेतल्या पेटवायच्या मसाल्यानं गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन बसली. इथपर्यंत दोष शंभर टक्के काडतुसाचा. पण मालिका पूर्ण करायची घाई! बोल्ट मागे-पुढे, दुसरं काडतूस, चाप. नळीत कायमची अंगठी.

तरीही काहीतरी पदरात पडलं असतं. पण रिकाम्या पुंगळ्या सगळ्यांच्या बादलीत गेल्या. उरलेली काडतुसं पोरानं मित्राच्या रायफलीतून 'टेस्ट' म्हणून उडवून टाकली. खोकं कचऱ्यात, आणि लॉट नंबर, म्हणजे कारखान्यातल्या कुठल्या खेपेचा माल ते सांगणारा आकडा, त्याच खोक्यावर. नळी साफ करून चकाचक. कंपनीचं उत्तर आलं ते अगदी सभ्य: लॉट नंबर कळवा, त्या लॉटची उरलेली काडतुसं विक्रेत्याकडे द्या, पुंगळी ठेवा. यातलं एकही नव्हतं. बापानं ग्राहक आयोगात जायची धमकी दिली. जायला हरकत नाही, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, दोन वर्षांची मुदत असते. पण दोष प्रयोगशाळेतच कळणार असेल तर २०१९ च्या ग्राहक कायद्यात आयोग नमुना सीलबंद करून तपासायला पाठवतो. नमुना कुठला पाठवणार? बादली?

आवाज, धक्का किंवा धूर वेगळा वाटला की थांबा. तोंड टार्गेटकडेच ठेवून तीस सेकंद मनात मोजा, मग बोल्ट उघडा, मग नळीत बघा. तीस सेकंद धीर नसेल तर कॅरम आहे की.

पॉइंट टू-टू चं काडतूस उडालंच नाही तर कडेवरची पिनची खूण बघा. सगळ्यांवर उथळ खूण असेल तर रायफल तपासा. बहुतेक वेळा बोल्टमध्ये घट्ट झालेलं तेल निघतं, किंवा रिकामा चाप ओढून ओढून चेंबरची कड पिनेनं चेपलेली. खूण खोल आहे आणि तरी उडालं नाही, तर काडतुसाकडे बोट दाखवा.

निवडणुकीत जमा केलेली बंदूक

हा वाद कंपनीशी नसतो, पण दरवर्षी माझ्याकडेच येतो. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा एकाच वर्षी झाल्या, काहींच्या बंदुका दोनदा ठाण्यात गेल्या आणि तांबेरून परत आल्या. देताना नळीला आतून तेल द्या, फोटो काढा, आणि पावतीवर 'नळी स्वच्छ, गंज नाही' एवढं लिहून मागा. हवालदार कुरकुरतो. मागा तरी.

पत्र

पत्रात निदान करू नका. 'स्फोट', 'जीवघेणा', 'मानसिक त्रासाचे पन्नास लाख' हे वकिलावर सोडा. तारीख, लॉट नंबर, कितवा बार, काय दिसलं, काय ऐकू आलं, बस. फोटो पुसण्याआधीचे. काडतुसं टपालानं किंवा कुरिअरनं पाठवायची नाहीत, ज्या परवानाधारक दुकानातून घेतली तिथेच पावती घेऊन द्यायची. कुणाला इजा झाली असेल तर आधी पोलिसांत लेखी कळवा, कंपनी नंतर.

त्याच क्लबातल्या एका मुलीलाही दोनेक महिन्यांनी 'फुस्स' झालं. तिनं रायफल खाली ठेवली, हात वर केला, प्रशिक्षकाला बोलावलं. पुंगळी पाकिटात, पाकिटावर तारीख, खोकं जसंच्या तसं. माझ्याकडे आली तेव्हा बोल्ट काढून मी पितळी सळईनं गोळी बाहेर ढकलली. नळीला ओरखडा नव्हता. विक्रेत्यानं लॉट नंबर बघितला आणि अख्खी पेटी बदलून दिली. पत्र लिहायची वेळच आली नाही. सळईचे मी पन्नास रुपये घेतले.