८८-८९ चा इंग्लिश फुटबॉल सीझन बघायचाय? मग असा बघा

नाशकात आमच्या कॉलेज रोडच्या पोरांना प्रीमियर लीगच्या आधीचं फारसं माहीत नसतं, त्यांच्यासाठी लिहितोय. डायरेक्ट शेवटच्या मॅचवर उडी मारू नका, सगळी मजा जाईल.

आधी वहीत टेबल काढा. २० टीम, ३८ मॅचेस, जिंकलं की ३ पॉइंट. आणि गोलकीपर तेव्हा बॅकपास (आपल्याच खेळाडूने पायाने मागे दिलेला बॉल) हातात घ्यायचे (तो नियम १९९२ ला बदलला), म्हणून खेळ मधेच स्लो वाटेल, वैतागू नका.

मग १५ एप्रिल १९८९, हिल्सबरो स्टेडियममधली चेंगराचेंगरी. लिव्हरपूलचे ९७ फॅन गेले त्यात. हे शांतपणे वाचाच, लिव्हरपूल पुढे कुठल्या मनःस्थितीत खेळली ते त्याशिवाय कळत नाही.

आता रविवारी मिसळ खाऊन सगळे एकत्र बसा आणि २६ मे ची लिव्हरपूल-आर्सेनल शेवटची मॅच (लिव्हरपूलच्या अॅनफिल्ड मैदानावरची) पूर्ण लावा, हायलाइट्स नाही. लीग जिंकायला आर्सेनलला २ गोलच्या फरकाने जिंकायचं होतं. ५२ व्या मिनिटाला आर्सेनलच्या स्मिथचा हेडर, गोल, मग इंजुरी टाइममध्ये त्यांचा गोलकीपर ल्युकिचने बॉल डिक्सनला फेकला, डिक्सनने लांब स्मिथकडे, स्मिथने थॉमसला, लिव्हरपूलच्या निकोलला लागून बॉल परत थॉमसच्याच पुढ्यात आणि गोल! इथे पॉज करून परत बघा, खरंच.

मग वही उघडा: दोघांचे ७६ पॉइंट, गोल फरक (केलेले वजा खाल्लेले) ३७, पण आर्सेनलने केलेले गोल ७३ आणि लिव्हरपूलचे ६५, म्हणून लीग आर्सेनलची.