अपघात झाल्यावर निघून जाताय? या चुका टाळा

टेम्पोवाला आमच्याकडे आला तो जुन्या बनियनमध्ये काहीतरी गुंडाळून. टेबलावर उलगडलं तर गाडीचा डावा आरसा, अर्धी काच गेलेली. चेंबूरहून सायनकडे येताना रात्री एका बाइकला लागला होता. बाइकवाला पडला, मग उठून बसला. "बसलेला बघितला म्हणून निघालो, वकीलसाहेब." सकाळी गॅरेजात नवा आरसा बसवला, आणि तिसऱ्या दिवशी पोलीस दारात. उरलेली अर्धी काच रस्त्यावर सापडली होती, नंबर कॅमेऱ्यात होता आणि उठून बसलेल्या त्या माणसाचं कॉलरबोन मोडलं होतं.

पहिली चूक इथेच आहे. उठून बसला म्हणजे काही झालं नाही, हे ठरवणारे आपण डॉक्टर नव्हे. हाड मोडलं की कायद्याच्या भाषेत ती गंभीर दुखापत. निष्काळजीपणाने ती झाली तर भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या आयपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १२५ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता निघून गेल्याचं वेगळं. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ सांगतं की जखमीला डॉक्टरपर्यंत पोचवा, पोलिसाने विचारल्यास माहिती द्या, आणि तिथे पोलीस नसेल तर जवळच्या ठाण्यात शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा २४ तासांच्या आत कळवा. हे केलं नाही तर कलम १८७: ६ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडलात तर १ वर्ष आणि १०,००० पर्यंत जातं. म्हणजे अपघातात चूक समोरच्याची निघाली, तरी पळाल्याचा गुन्हा तुमच्या अंगावर राहतोच. आमच्या टेम्पोवाल्याला हे ऐकून धक्का बसला. बाइकवाला राँग साइडने आला होता, हे तो दहादा सांगत होता. तिथेच थांबून सांगितलं असतं तर वजन आलं असतं.

"थांबलो तर पब्लिक मारेल" ही भीती खोटी नाही. मुंबईत जमाव जमायला दोन मिनिटं लागत नाहीत. कायद्यालाही ते माहीत आहे: जमाव भडकला असेल तर जखमीला उचलण्याची सक्ती नाही. पण ती सूट तेवढ्यापुरतीच. गाडी सरळ पोलीस ठाण्यात न्या, वाटेतून ११२ आणि १०८ ला फोन लावा. घरी जाऊन मोबाइल बंद करून झोपलात, तर जमावाचं कारण कोण ऐकणार?

तुमच्याही व्हॉट्सअॅपवर "१० वर्षं कैद, ७ लाख दंड" आलं असेल. अर्धं खरं. न्याय संहितेच्या १०६(२) मध्ये मृत्यू घडवून न कळवता पळणाऱ्याला १० वर्षांपर्यंत कैद लिहिली आहे, पण ७ लाखांचा आकडा त्यात कुठेच नाही. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी चाकं थांबवली, आणि १ जुलैला संहिता लागू झाली तेव्हा हे पोटकलम बाजूला ठेवलं गेलं. यावर खूश होऊ नका. १०६(१) खाली ५ वर्षांपर्यंत कैद आहेच, आणि परिणाम माहीत असूनही गाडी हाणली असं दिसलं तर सदोष मनुष्यवधाचं कलम लागतं. कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये फुटपाथवर झोपलेले सात मजूर गेले, त्या प्रकरणात याच स्वरूपाच्या जुन्या कलमाखाली झालेली ३ वर्षांची शिक्षा सुप्रीम कोर्टाने २०१२ साली कायम केली.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ड्रायव्हर बदलणं. मुलाच्या जागी पगारी ड्रायव्हरला पुढे करायचं. नाव खोटं सांगितलं की गुन्हेगाराला वाचवण्याचं कलम सांगणाऱ्यालाही लागतं, आणि गाडी कोण चालवत होतं हे पोलिसांना सांगणं मालकावर बंधनकारक आहे. कॅमेरा, फोनचं लोकेशन, सीटची उंचीसुद्धा बोलते. दारू उतरेपर्यंत लपणं हाही त्यातलाच प्रकार. मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम दारूची, दुसऱ्या दिवशी तेवढी सापडेलच असं नाही हे खरं, पण बारचं बिल आणि तिथलं फुटेज सापडतं. शिवाय तुम्ही का लपलात, हे कोर्टात विचारलं जातंच. वरळीत जुलै २०२४ मध्ये मासळी घेऊन परतणाऱ्या जोडप्याला कारने उडवलं, तेव्हा आरोपी दोन दिवसांनी पकडला गेला. गाडीत शेजारी असलेल्या ड्रायव्हरलाही अटक झाली.

विमा कंपनीला लेखी कळवणंही कलम १३४ मध्येच आहे. पॉलिसी नंबर, तारीख-वेळ-जागा, जखमींची आणि ड्रायव्हरची माहिती. पाचशे-हजार हातावर ठेवून 'मिटवलं' म्हणणारे हेच विसरतात, मग महिन्याभराने दावा येतो आणि कागद एकही नसतो.

जखमीच्या घरच्यांसाठी एक: गाडी सापडलीच नाही तरी मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये सरकारी योजनेतून मिळतात. एफआयआरची प्रत मात्र जपून ठेवा.

टेम्पोवाल्याचा शेवटचा प्रश्न होता, "हा आरसा खाडीत टाकू का?" पुरावा नष्ट करणं हा आणखी एक गुन्हा आहे, म्हटलं, गुंडाळा तसाच. त्याच बनियनमध्ये तो घेऊन आम्ही दोघं रिक्षाने पोलीस ठाण्यात गेलो.