स्ट्रट बार लावलाय, पण फरक पडलाय का? हे असं तपासा

स्ट्रट म्हणजे चाकावरचा स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बरचा खांब. पुढच्या दोन स्ट्रटचे माथे बॉनेटखाली एकमेकांना जोडणारा दांडा म्हणजे स्ट्रट बार; मागे डिकीत लावतात तो मागचा बार. बार मागवायच्या आधी स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि गाडीचा पत्रा ठोकून बघा. रत्नागिरीत पाऊस वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर, त्यात खारा वारा. आमच्याकडे गाडी इंजिनाने मरत नाही, पत्र्याने मरते. बॉनेटखाली स्ट्रटच्या माथ्याभोवतीचे सांधे, जॅक लावायच्या जागा, दाराखालचा उंबरठा, सगळीकडे स्क्रू ड्रायव्हरची मूठ आपटा. टणटण वाजलं तर ठीक. बद्द आवाज आला किंवा रंगाखालून पापुद्रा सुटला, तर बारचे पैसे वेल्डरला द्या. कुजक्या पत्र्याला बार बांधणं म्हणजे वाळवी लागलेल्या वाशाला नवा खिळा.

मग टायरची हवा, गाडी थंड असताना. लोअर आर्मचे (चाक बॉडीला धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश, बॉल जॉइंट, चाकांची अलाइनमेंट. माझं लेथचं दुकान आहे, गॅरेज नाही, तरी ‘बॉडी हलते’ म्हणून पोरं ब्रॅकेट करून घ्यायला येतात आणि बऱ्याचदा खाली फाटका बुश लोंबत असतो. तो आधी बदला.

आता मुद्द्याचं. छोट्या हॅचबॅकला वेगळी चासी नसते, पत्र्याची पेटीच सगळा भार घेते. ही पेटी दोन तऱ्हांनी हलते. एक चाक खड्ड्यात, बाकीची वर, असं झालं की ती पिळली जाते. आणि वळणावर पुढचे दोन स्ट्रट टॉवर (स्ट्रटचा माथा बसतो ते पत्र्याचे उंचवटे) एकमेकांच्या जवळ-लांब होऊ बघतात. टोकाला पिन असलेला बार फक्त ताण आणि दाब घेतो, पीळ घेत नाही. म्हणून पुढच्या बारची परीक्षा जॅकवर घेऊ नका. तिथे तो नापास होणारच, आणि त्यात त्याचा दोष नाही.

पीळ मोजायला डिकीची फट बघा. सपाट कोब्यावर गाडी लावा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड द्या. डिकीचं दार आणि बॉडी यांच्यामधल्या फटीवर दोन्ही बाजूंना, वरच्या कोपऱ्याजवळ आणि खाली, मास्किंग टेप आडवी चिकटवा. बारीक टोकाच्या पेन्सिलीने टेपवर फट ओलांडणारी सरळ रेघ मारा आणि फटीवर ब्लेडने टेप कापा. आता पुढचं एक चाक जॅकने जमिनीवरून जेमतेम सुटेल इतकंच उचला आणि मागे येऊन बघा: रेघेचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसतील. ते व्हर्नियरने मोजा. मग मागचा बार किंवा खालची ब्रेस (गाडीच्या पोटाखाली लावायचा आडवा दांडा) लावून तेच चाक, जॅकची तीच जागा, तेवढीच उंची. सरकणं कमी झालं तर काम झालं. गाडीखाली डोकं घालायचं नाही, आणि घालावंच लागलं तर घोडी (जॅक स्टँड) लावून. जांभ्याच्या चिऱ्यावर गाडी टेकवणारे महाभाग मी पाहिलेत. जांभा भार घेताना कधी फुटेल ते सांगून फुटत नाही.

पुढच्या बारसाठी मी एकात एक सरकणाऱ्या दोन अॅल्युमिनियमच्या नळ्या वापरतो. दोन्ही टोकं टॉवरच्या एकेका नटाखाली पट्टीने पकडायची आणि आतल्या नळीवर, बाहेरच्या नळीच्या तोंडाला टेकवून, केबल टाय घट्ट आवळायचा. टॉवर जवळ आले की बाहेरची नळी टायला ढकलते, लांब गेले की टाय तिथेच राहतो. गाडी थांबवून तोंड आणि टाय यांच्यातली फट मोजली की झालं. बॅटरी, वायर यांना नळी कुठे लागत नाही ना, ते हाताने फिरवून बघा. ज्या नटाला हात लावाल तो मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क पान्यानेच आवळा.

रस्ता मात्र एकच ठेवा. मी रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला आरे-वारेमार्गे जातो. चढ, उतार, आखूड वळणं, सगळं मिळतं. कोरडा रस्ता, पहाटेची वेळ, तेवढीच माणसं, तेवढंच पेट्रोल. बार नसताना एकदा, लावून एकदा, आणि पुन्हा काढून एकदा. हा तिसरा फेरा लोक टाळतात, आणि तोच खरं सांगतो: बार काढल्यावर फट पहिल्यासारखी आली नाही तर मोजण्यातच गडबड आहे.

आकडे नकोत, नुसतं जाणवलं पाहिजे, असं म्हणणाऱ्यांसाठी: बॉनेट दुसऱ्याला उघडायला द्या. पुतण्या मला म्हणाला, “काका, गाडी कशी रस्त्याला चिकटून जाते बघ!” मी त्याला बाहेर उभा केला, बारचा मधला दांडा ठेवला की काढला ते सांगितलं नाही आणि गाडी दिली. चेहरा बघण्यासारखा होता. सगळ्यात भरवशाची परीक्षक माझी बायको. तिला बारबिर काही माहीत नाही. मागच्या सीटवर बसते, गतिरोधक तिरका घेतला की सांगते, “आज ते मागचं करकरत नाहीये.” मागचा बार त्या दिवशी लावलेला होता.

एकावेळी एकच बार लावा. मॅकफर्सन स्ट्रटच्या (वर स्ट्रट, खाली एकच आर्म अशा) गाडीत वळणाचा आडवा जोर जास्त करून खालच्या आर्मवर येतो, वर त्यामानाने कमी. तरी दिसतो म्हणून लोक वरचाच आधी घेतात. खाली सबफ्रेम (खालचे आर्म धरणारी चौकट) आधीच भक्कम असेल तर तिथे ब्रेस लावूनही थोडाच फरक पडतो, तेव्हा खाली वाकून बघून मग मागवा.

बसवताना गाडी चाकांवर उभी हवी, जॅकवर नाही. आटे फिरवून लांबी बदलणारा बार असेल तर तो हाताने नुसता टेकेल इतपतच आणा, टॉवर ढकलत बसू नका. नट सैल केलेत म्हणजे अलाइनमेंट परत तपासायची. अॅल्युमिनियमचं ब्रॅकेट असेल तर खाली पत्र्याचा रंग खरवडलेला राहू देऊ नका: दोन धातू आणि मधे खारा ओलावा, गंज तिथूनच धरतो. झिंक प्रायमर मारा, वर अँटी-रस्ट वॅक्स, आणि गणपती झाल्यावर एकदा ब्रॅकेट काढून खालचा पत्रा बघा.